रीळ लावलेली किटली

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. ॲल्युमिनियमची, ढेरपोटी, बुडाला कायमची काजळी बसलेली. माझ्या झाकणावर मूठ म्हणून शिंप्याचं लाकडी रीळ बसवलेलं आहे. ते पाहून नवीन माणसाला हसू येतं, आणि मला त्याचा राग नाही. पण हसून झालं की जरा वेळ माझ्यापाशी बसा. एका सकाळी माझ्या बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर पडल्या होत्या, त्यांना उठता येत नव्हतं, आणि त्यांची सगळी मित्रमंडळी त्याच वेळी माझ्या फोटोला शाबासकी देत होती. हे असं कसं झालं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबोळक्या कारखान्यातला. पत्र्याची गोल चकती फिरत्या यंत्रावर चढवायची आणि दांड्याने दाबत दाबत तिला पोट आणायचं, असं ते काम. ज्या कारागिराने मला घडवलं, तो मला उतरवताना शेजाऱ्याला म्हणाला, "ही जरा ढेरपोटी झाली रे."

"होऊ दे की," शेजारी म्हणाला. "तूही आहेस. तुझं काही अडलं का?"

अशी मी त्या दोघांच्या हशात जन्मले आणि तिथून गेले ती थेट टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ते काय असतं, ते तुम्हाला ठाऊक नसेल. पूर्वी परगावी फोन लावायचा तर मध्ये एक माणूस लागायचं. उंच फळीसमोर बायका ओळीने बसायच्या. कानाला यंत्र, समोर भोकंच भोकं आणि इवलेसे दिवे. दिवा लागला की "बोला, कोणता नंबर?" असं विचारायचं आणि वायरीचं टोक बरोबर भोकात खोचायचं, की दोन माणसं जोडली जायची. माझ्या बाई त्या ओळीत शेवटच्या खुर्चीवर बसत. त्यांचा एक नेम होता. दिवा लागला की उत्तर द्यायचं. पलीकडचा चिडका असो, रडका असो, त्याला ताटकळत ठेवायचं नाही.

मी विश्रांतीच्या खोलीत असे. ते माझे ऐटीचे दिवस. मुख्य बाईंचा ओरडा खाऊन आलेली एखादी नवी मुलगी माझ्या पोटाला फडकं गुंडाळून त्यावर दोन्ही तळवे टेकवायची आणि म्हणायची, "या खोलीत माझ्याशी प्रेमाने वागणारी तूच एक आहेस." मग इतरजणी हसायच्या, आणि मुलगीही हसायची.

पुढे फोन जोडायला माणूस लागेनासं झालं. यंत्रं आली, फळ्या निघाल्या, खुर्च्या निघाल्या. जाताना कुणी पंखा नेला, कुणी कपाट. बाईंनी मला उचललं.

"अगं, किटली काय नेतेस? तो पंखा ने," मैत्रीण म्हणाली.

"पंख्याखाली बसून कुणी माझ्याशी चार शब्द बोललं नाही," बाई म्हणाल्या. "हिच्याभोवती बोललं."

पण घरी आल्यावर माझं काम संपलं. एकट्या माणसाचा चहा एवढ्या मोठ्या किटलीत कोण करणार? तो छोट्या पातेल्यात व्हायचा. मी माळ्यावर गेले. तिथे कोळ्याने माझ्या तोटीत संसार मांडला, आणि वर्षं कशी गेली ते मला कळलं नाही. खालून बाईंची चाहूल लागायची. पण त्यांचा आवाज हळूहळू ऐकू येईनासा झाला. बोलायला घरात कुणी नसलं की आवाज लागणार कशाला?

मग एके दिवशी बाईंच्या भाचीने त्यांना एक चांगलासा फोन आणून दिला आणि त्यात एक मंडळ दाखवलं. त्या मंडळाचं नाव "गोड-कडू". रीत सोपी होती. रोज सकाळी एक फोटो टाकायचा आणि खाली दोन ओळी लिहायच्या. काल घडलेली एक छोटी गोड गोष्ट, एक छोटी कडू गोष्ट. मोठ्या गोष्टी नकोत. कुणी नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. आणि एखादा आला नाही तर त्याच्या मागे लागायचं नाही. पूर्वी एका सदस्याला सगळ्यांनी "कुठे होतात, कुठे होतात" म्हणून इतकं भंडावलं, की तो कायमचा निघून गेला. तेव्हापासून हा नियम. तो पाळला जातो की नाही हे एक निवृत्त गणिताचे मास्तर बघत. त्यांना सगळे "मॉनिटर" म्हणत.

बाईंना पहिला फोटो कशाचा टाकावा सुचेना. घरभर फिरून झालं. शेवटी त्या शिडी घेऊन माळ्यावर चढल्या आणि मला खाली काढलं, घासलं, खिडकीशी ठेवलं. खाली लिहिलं, "गोड: जुनी किटली माळ्यावरून उतरली. कडू: तिच्यात कोळ्याचं बिऱ्हाड होतं, त्यांना घर बदलावं लागलं."

लोकांना ते भारी आवडलं. त्या दिवसापासून बाई झाल्या "किटलीआजी", आणि मी पुन्हा शेगडीवर चढले. रोज माझा फोटो जाऊ लागला. कधी शेजारी लिंबू, कधी उघडं पुस्तक, कधी नुसतं ऊन.

आणि बाई पुन्हा बोलू लागल्या. त्या मंडळात आलेली प्रत्येक ओळ मला मोठ्याने वाचून दाखवत. म्हणून तर मला हे सगळं ठाऊक आहे. "ऐक हं, चष्माने काय लिहिलंय." चष्मा म्हणजे कॉलेजात शिकणारी एक धांदरट मुलगी. "गोड: हरवलेला चष्मा सापडला. कडू: तो डोक्यावरच होता, आणि हे माझ्याखेरीज सगळ्या वर्गाला माहीत होतं." मग कात्रीमामा. ते शिंपी, राहायचे कुठल्याशा दुसऱ्या गावी. "गोड: कोट पहिल्याच फिटिंगला अगदी चपखल बसला. कडू: गिऱ्हाइकाच्या भावाला." बाई एकट्याच हसत. आणि प्रत्येकाला एकेक उत्तर लिहीत, कुणालाही न वगळता. दिवा लागला की उत्तर द्यायचं, ही जुनी सवय.

एकदा बाईंना ताप आला. दोन दिवस फोटो गेला नाही. नियमाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही. बाई बऱ्या होऊन परतल्या तेव्हा चष्माने लिहिलं, "आजी, विचारायचं नसतं म्हणून विचारलं नाही. पण मला घास गोड लागला नाही."

बाईंना फार वाईट वाटलं. "बघ ना," त्या मला म्हणाल्या, "माझ्यापायी त्या पोरीच्या जिवाला घोर." आणि त्यांनी एक युक्ती काढली. फोटो आधीच काढून साठवून ठेवता येतात का, असं त्यांनी चष्मालाच विचारलं. तिने शिकवलं. एकदा साठवले की रोज ठरल्या वेळी फोन आपणहून एकेक फोटो पाठवणार. बाईंनी स्वतः ताजा फोटो टाकला, तर त्या दिवसाचा साठवणीतला काढून टाकायचा. म्हणजे आजारी पडलं तरी कुणाला कळायला नको, कुणाला काळजी नको.

एका दुपारी बाईंनी माझे भराभर फोटो काढले. लिंबू आलं, गेलं, पुस्तक आलं, गेलं. मग त्या खालच्या ओळी लिहायला बसल्या. "गोड: चहा झकास झाला. कडू: दूध नासलं."

दूध तर समोर पातेल्यात चांगलं होतं. बाईंना माझी नजर कळली असावी. "अगं, कधी ना कधी नासेलच की," त्या म्हणाल्या.

मला ते आवडलं नाही. पण किटलीला विचारतो कोण?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या झाकणाची काळी मूठ उष्णतेने तडकली आणि फुटून पडली. उरला नुसता स्क्रू. बाईंनी सवयीने तोच धरला आणि बोटं भाजून घेतली. ही कडू गोष्ट खरीखुरी होती, आणि मंडळाने ती अगदी मनावर घेतली. मॉनिटर म्हणाले बाटलीचं बूच लावा. चष्मा म्हणाली खेळण्यातला ठोकळा लावा. कात्रीमामांनी मात्र फक्त बाईंना लिहिलं, "पत्ता कळवा. एक वस्तू पाठवतो. पत्ता माझ्या पोटात राहील."

पार्सलात कोटाच्या कापडाच्या चिंध्यांत गुंडाळलेलं हे रीळ आलं. सोबत दोन ओळी होत्या, "माझ्या वडिलांच्या मशीनवरचं आहे. आता असली लाकडी रिळं कुणी करत नाही."

बाईंनी दुपारी ते बसवलं आणि लगेच फोटो टाकला. मंडळात नुसता आनंदीआनंद. मॉनिटरनी लिहिलं, "किटलीने टोपी घातली." कात्रीमामा तर इतके खूश, की ते दुकानात येईल त्याला फोटो दाखवत सुटले.

दुसरी सकाळ उजाडली, मित्रांनो, आणि आता माझं सांगणं जरा अवघड होतं.

बाईंनी मला पाण्याने भरून शेगडीवर ठेवलं. त्यांना रिळावर सकाळचं ऊन पडलेलं हवं होतं. फोन चार्जिंगला लावूनच त्यांनी चहाच्या डब्याला टेकवून उभा केला. पण खिडकीचा पडदा आड येत होता. वरच्या बाजूला तो कुठेतरी अडकला होता. बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी पडदा ओढला. तो सरकला नाही. त्यांनी जोर लावला. पडद्याची दांडी भिंतीतून निखळली, स्टूल कलंडलं, आणि बाई खाली गेल्या.

मोठा आवाज झाला. मग काहीच नाही. माझ्या पोटात पाणी कुजबुजायला लागलं होतं, तेवढंच.

"आई गं." खूप वेळाने खालून आवाज आला. "आई गं, पाय."

मला ओट्यावरून बाईंचा एक हात तेवढा दिसत होता. तो फरशीवर चाचपडत होता. बाईंनी उठायचा प्रयत्न केला असावा, कारण त्या अशा काही कण्हल्या, की तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"कुणी आहे का?" त्यांनी हाक मारली. "अहो, कुणी आहे का?"

आमच्या खाली दाताचा दवाखाना आहे. नेमकं तेव्हाच तिथलं यंत्र सुरू झालं. घर्रर्र. वरचं घर बंद होतं. बाई हाका मारत होत्या आणि यंत्र त्या हाका गिळत होतं.

फोन माझ्या शेजारी, ओट्यावर. हाक मारून फोनला उठवायची सोय असते म्हणे. बाईंनी ती बंद करून ठेवली होती, कारण त्या माझ्याशी बोलायला लागल्या की फोनच मध्ये उत्तर द्यायचा.

तेवढ्यात फोन वाजला. टिंग.

बाईंचा हात थांबला.

टिंग. टिंग टिंग. टिंग.

"अगं बाई," बाई खालून म्हणाल्या. "तो फोटो गेला."

हो, गेला होता. साठवणीतला. त्यात मी उजळ पोटाने लिंबाशेजारी बसले होते आणि खाली लिहिलं होतं, "गोड: चहा झकास झाला. कडू: दूध नासलं." आणि दूरदूरची माणसं मला पसंतीची खूण करत होती. प्रत्येक टिंग म्हणजे एक माणूस. प्रत्येकजण आजीचं छान चाललंय असं समजून आपापल्या कामाला लागत होता. एवढी माणसं हाताच्या अंतरावर होती, आणि त्यांना हाक मारायची एकमेव वाट बाईंनी स्वतःच बुजवून ठेवली होती.

कोपऱ्यात झाडू होता. बाईंनी तो ओढून घेतला. झाडूचा दांडा ओट्याच्या कडेवर दिसला, हलला, चार्जिंगच्या वायरीत अडकला. बाईंनी ओढलं. मी श्वास रोखला, म्हणजे किटलीला जेवढा रोखता येतो तेवढा. वायर सुटली आणि खाली पडली. फोन जागचा हलला नाही.

त्या सगळ्या वेळात मी उकळत होते. माझं झाकण थडथडत होतं. बाईंना त्या आवाजाचा अर्थ कळत होता. झाकण थडथडतंय म्हणजे आत पाणी आहे. हळूहळू थडथड मंदावली.

"संपत आलं का गं?" बाईंनी विचारलं.

आणि मला पडदा दिसला. दांडीबरोबर तो अर्धा ओट्यावर येऊन पडला होता, आणि त्याची झालर शेगडीच्या जाळापासून बोटभर अंतरावर लोंबत होती. खिडकीतून वारा आला की ती सरकायची. जाळाकडे, मग मागे, मग पुन्हा जाळाकडे.

बाईंनीही ती पाहिली असावी. कारण हाका थांबल्या आणि सरपटण्याचा आवाज सुरू झाला. गॅसची टाकी ओट्याखाली, दुसऱ्या टोकाला होती. चालत्या माणसाला दोन पावलं. बाई कोपरावर रेटत होत्या. रेटायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. मोडका पाय मागून ओढला जात होता. त्या मोजत नव्हत्या, देवाचं नाव घेत नव्हत्या. "बोला, कोणता नंबर," एवढंच पुटपुटत होत्या, पुन्हा पुन्हा, जसं कामावर थकव्याने डोळे मिटायला लागले की पुटपुटत.

माझ्या पोटातला शेवटचा थेंब उडाला. बूड तापलं, वाकडं व्हायला लागलं. झाकणावरच्या रिळाला करपल्याचा वास यायला लागला. झालर पुढे आली, आणि तिची कड काळी पडली.

खालून खट्ट आवाज झाला. जाळ विझला.

बाईंनी रेग्युलेटर बंद केला होता. नंतर त्यांचा आवाज आला नाही. मी तापलेली, कोरडी, ओट्यावर. त्या तिथे खाली, टाकीपाशी. आता मला त्यांचा हातही दिसत नव्हता.

दुपारी खालचं यंत्र थांबलं. बाईंनी पुन्हा हाका मारल्या, पण आता घसा कोरडा पडला होता आणि हाक दारापर्यंतही पोचत नव्हती. खाली सगळे जेवायला गेले असावेत. काही वेळाने यंत्र पुन्हा सुरू झालं.

त्या वेळात तिकडे मंडळात काय चाललं होतं, ते मला पुढे कळलं. चष्मा त्या दिवशी वर्गात बसून फोटो पाहत होती. तिने लिहिलं, "आजी, काल तर रीळ होतं. आज परत जुनी काळी मूठ?"

कुणीतरी गंमत केली, "मामांचं रीळ पसंत पडलेलं दिसत नाही."

कात्रीमामांनी ते वाचलं. माणूस मनाचा हळवा. वडिलांच्या मशीनवरचं रीळ पाठवावं आणि ते एका दिवसात उतरवावं? "नसेल आवडलं तर नसेल. जबरदस्ती थोडीच आहे," असं लिहून त्यांनी फोन खणात टाकला, खण बंद केला आणि कापड कापायला घेतलं. बाईंचा पत्ता ठाऊक असलेलं एकमेव माणूस रुसून बसलं.

चष्माला मात्र चैन पडेना. जुनी मूठ फुटली होती. फुटलेली मूठ परत येईल कशी? आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, कारण युक्ती तिनेच शिकवली होती.

"हा साठवणीतला फोटो आहे," तिने मॉनिटरना लिहिलं. "आजी स्वतः आल्याच नाहीत."

मॉनिटरनी उत्तर दिलं, "असतील बाहेर गेलेल्या. आपण मागे लागायचं नाही, हे ठरलंय."

"सर, सकाळपासून त्यांनी एकालाही उत्तर दिलेलं नाही."

"म्हणून काय झालं?"

"आजींनी कधी कुणाचं उत्तर बाकी ठेवलंय? तुम्ही रोज तुमच्या कुंडीतल्या मिरचीबद्दल लिहिता, त्याचंसुद्धा देतात."

मॉनिटरनी बाईंची मागची उत्तरं चाळून पाहिली. मग त्यांनी लिहिलं, "नियम मी केला होता. मीच मोडतो. पत्ता कुणाकडे आहे?"

सगळ्यांच्या लक्षात आलं. रीळ ज्यांनी पाठवलं, त्यांच्याकडे. आणि सगळी मंडळी कात्रीमामांना बोलवायला लागली. संदेशामागून संदेश. दुकानात खण नुसता घोंघावत होता. मामा मान वर न करता कापत होते.

"अहो, त्या खणात भुंगा शिरलाय का?" मामींनी विचारलं. त्या शेजारी बसून काजं करत होत्या.

"असू दे. मला कुणाशी बोलायचं नाही."

"तुम्हाला नसेल. त्याला फार बोलायचं दिसतंय." मामींनी खण उघडला, चष्मा लावला आणि वाचलं. त्यांचा चेहरा बदलला. "अहो, रागबीग ठेवा गुंडाळून. त्या बाईंना काहीतरी झालंय."

मामांच्या हातातली कात्री कापडाच्या मध्यावर थांबली.

पत्ता पोटात ठेवायचा शब्द त्यांनी दिला होता, आणि तो त्यांनी त्या घाईतही मोडला नाही. पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, म्हणून तो आठवत होता. "दाताच्या दवाखान्याच्या वर." त्यांनी दवाखान्याचा नंबर शोधला आणि फोन लावला. तिथल्या मदतनीस मुलीने उचलला.

"आज वेळ नाही, उद्याची देऊ?"

"दात नाही दुखत हो. तुमच्या वर एक बाई राहतात, त्या ठीक आहेत का?"

"वरच्या ना? एकदम शांत बाई. आज तर काहीच आवाज नाही."

"तेच तर," कात्रीमामा म्हणाले. "वर जा. माझ्यावर उपकार करा आणि आत्ता वर जा."

मित्रांनो, मी आधी बेल ऐकली. मग दारावर थापा. "बाई, आहात ना? बाई?" खालून, टाकीपाशी, अगदी बारीक आवाज आला, "आहे." तो मलाच जेमतेम ऐकू आला. दाराबाहेर तो कसा पोचणार? थापा थांबल्या. पावलं जिन्याने खाली गेली. तो क्षण मला आगीपेक्षा जड गेला.

पण पावलं परत आली, आणि या वेळी जास्त होती. ती मुलगी, दाताचे डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या खुर्चीतून तसाच उठून आलेला एक सुतार. गळ्यात कागदी रुमाल, गालात कापूस. त्याचं तोंड बधिर होतं, पण हात नव्हते. कामावरून परस्पर आल्यामुळे हत्यारांची पिशवी बरोबर होती. त्याने कुलपाशी काहीतरी केलं, कडकड आवाज झाला, आणि दार उघडलं.

डॉक्टर बाईंपाशी वाकले. "मी दातांचा डॉक्टर आहे," ते म्हणाले, "पण पाय मोडलाय हे मलाही कळतं. कुणी हलवू नका यांना. ॲम्ब्युलन्स बोलवा."

मुलीने बाईंच्या ओठांना पाणी लावलं. बाईंनी डोळे उघडले.

"तो फोन घ्या आधी," त्या म्हणाल्या. "पलीकडे लोक ताटकळलेत."

"बाई, तुम्ही बोलू नका. काय लिहू?"

"लिहा, आहे म्हणून."

मुलीने तेवढा एकच शब्द लिहिला. "आहे." त्यानंतर फोन जो वाजायला लागला, तो बाईंना जिन्यावरून उतरवेपर्यंत थांबला नाही.

मग घर रिकामं झालं. मी करपलेल्या बुडाने शेगडीवरच होते. बाईंच्या पायाची शस्त्रक्रिया झाली, त्या परत येतील की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. भाची येऊन जाऊन असायची. तिने ओटा आवरला, जळक्या कडेचा पडदा काढला आणि मला उचलून भंगाराच्या पिशवीत घातलं. तिचं काही चुकलं नाही. मी दिसतच तशी होते. त्या पिशवीत मी फुटक्या बरणीला टेकून बसले आणि बाईंच्या पावलांची वाट पाहत राहिले.

पावलं आली ती निराळीच होती. दोन पावलं आणि मध्ये चार पायांच्या वॉकरची ठकठक.

"किटली कुठाय?" बाईंनी दारातच विचारलं.

"मावशी, ती जळली गं. बूड वाकडं झालंय. दुसरी आणू."

"माझाही पाय वाकडा झालाय," बाई म्हणाल्या. "माझ्याऐवजी दुसरी आणतेस का?"

भाचीने कपाळावर हात मारला आणि मला पिशवीतून काढलं.

त्याच दिवशी बाईंनी साठवणीतले सगळे फोटो पुसून टाकले. लिंबाचा, पुस्तकाचा, आणि पाठवून झालेला नासलेल्या दुधाचासुद्धा. मॉनिटरनी जुना नियम मागे घेतला आणि नवा लिहिला, की एखादं माणूस दिसलं नाही तर विचारावं. उत्तर द्यायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. ज्यांना वाटलं, त्यांनी एकेकाला आपला नंबर देऊन ठेवला. कात्रीमामांच्या खणाची किल्ली आता मामींच्या कमरेला असते.

परवा सकाळी बाईंचा फोटो गेला नाही. ऊन ओट्यावर आलं, सरकलं, तरी नाही. फोन वाजला, आणि चष्माचा आवाज आला. "आजी?"

"झोपले होते गं," बाई डोळे चोळत म्हणाल्या.

"बरं. झोपा मग."

एवढंच बोलणं. बाई पुन्हा आडव्या झाल्या, पण भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हसत होत्या.

मित्रांनो, मी आता शेगडीवर जरा कलून बसते. पाणी थोडं कमी मावतं. पण चहा होतो. तुम्हीही रोज कुणाचे तरी फोटो बघता, खाली खुणा करता आणि पुढे जाता. पुढे जायच्या आधी एक क्षण थांबत जा. रोज "मजेत" लिहिणाऱ्या माणसाचा आजचा फोटो आजचाच आहे ना, एवढं नीट बघा. आणि मनात शंका आली तर लाजू नका, विचारा. फार तर काय होईल, त्याची झोप मोडेल.